डोमेन, होस्टिंग, डीएनएस म्हणजे नक्की काय? छोट्या व्यावसायिकांसाठी इंटरनेटची बाराखडी



वेबसाइट करून घ्यायची म्हणून तुम्ही ओळखीतल्या एखाद्या मुलाला बोलावता. तो लॅपटॉप उघडतो आणि एका दमात सांगतो, "काका, डोमेन मी घेतो, होस्टिंग शेअर्ड देतो, एसएसएल फ्री आहे, डीएनएस मीच पॉइंट करीन, सीएमएसचं लॉगिन नंतर देतो. तुम्ही काही टेन्शन घेऊ नका." तुम्ही मान डोलावता आणि ॲडव्हान्स देता.

पुढची दोन वर्षं खरंच काही टेन्शन नसतं. मग तो मुलगा नोकरीसाठी पुण्याला जातो, त्याचा नंबर बदलतो आणि एके दिवशी गिऱ्हाइकाचा फोन येतो, "अहो, तुमची साइट उघडत नाहीये." कुणाला फोन करायचा हेच आपल्याला माहीत नसतं. कारण त्या दिवशी जे शब्द ऐकले, त्यांतला प्रत्येक शब्द म्हणजे एक किल्ली होती, आणि ती आपल्याकडे आलीच नाही.

वागळे इस्टेटमधला छोटा कारखाना असो, डोंबिवलीतलं घरगुती फराळाचं काम असो, कल्याणमधलं साड्यांचं दुकान असो की दहावी-बारावीचे क्लासेस, हे शब्द सगळ्यांना सारखेच लागतात. व्हिडिओत वेळ कमी असतो, म्हणून इथे सगळं नीट लिहून देतोय. शब्द पाठ करायचे नाहीत. प्रत्येक शब्दापाशी थांबून एकच प्रश्न विचारायचा : ही गोष्ट माझ्या नावावर आहे, मी भाड्याने घेतली आहे, की मी दुसऱ्याच्या ओट्यावर बसलोय?

चला, सुरुवातीपासून बघू.

## १. इंटरनेट आणि वेब : रूळ आणि लोकल

हे दोन शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो, पण ते वेगळे आहेत.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला देशातली पहिली प्रवासी गाडी आली आणि पुढच्याच वर्षी रूळ कल्याणपर्यंत पोचले. आज त्याच मार्गावरून लोकल जाते, मेल जाते, मालगाडीही जाते. रूळ एक, गाड्या वेगळ्या.

इंटरनेट म्हणजे रूळ. जगभरचे कॉम्प्युटर आणि मोबाइल एकमेकांना जोडणाऱ्या तारा, समुद्राखालच्या केबल, टॉवर आणि त्यावरून माहिती कशी न्यायची याचे ठरलेले नियम. याची सुरुवात १९६९ मध्ये अमेरिकेत आर्पानेट नावाच्या जाळ्यापासून झाली. आपल्याकडे सर्वसामान्य माणसाला इंटरनेट मिळालं ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगम म्हणजे व्हीएसएनएलकडून.

वेब म्हणजे त्या रुळांवरची एक गाडी. लिंकवर टिचकी मारली की एका पानावरून दुसऱ्या पानावर नेणारी सोय. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या सर्न या संशोधन संस्थेत ती सुचवली आणि १९९३ मध्ये सर्नने ती सगळ्यांना फुकट खुली केली. ईमेल ही दुसरी गाडी, व्हॉट्सॲप ही तिसरी.

याचा धंद्यात उपयोग काय? साइट उघडत नसेल तर आधी व्हॉट्सॲपवर मेसेज जातोय का बघा. जात नसेल तर रूळच बंद आहेत, म्हणजे केबलवाल्याला किंवा मोबाइल कंपनीला फोन करा. मेसेज जातोय, दुसऱ्यांच्या साइट उघडताहेत आणि फक्त तुमचीच बंद आहे, तर बिघाड तुमच्या साइटच्या बाजूला आहे. केबलवाल्याशी भांडून उपयोग नाही.

आयएसपी म्हणजे तुम्हाला इंटरनेटची जोडणी देणारी कंपनी. बिल्डिंगमध्ये वायर आणून देणारा केबलवाला बहुतेक वेळा तिचा स्थानिक माणूस असतो. राउटर म्हणजे माहितीला योग्य वाटेला लावणारं यंत्र. कल्याण जंक्शनला एक गाडी कसाऱ्याकडे वळते आणि दुसरी कर्जतकडे, तसंच काम राउटर करतो. घरातला छोटा राउटर तुमच्या मोबाइलची माहिती मोबाइलला देतो आणि लॅपटॉपची लॅपटॉपला.

बँडविड्थ म्हणजे एका वेळी किती माहिती जाऊ शकते ते. फेब्रुवारी २०२२ मध्ये ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका सुरू झाली. त्याने लोकलचं इंजिन जास्त ताकदीचं झालं नाही, पण जास्त गाड्यांना वाट मिळाली. बँडविड्थचंही तसंच.

एक गफलत नेहमी होते. प्लॅनमध्ये लिहिलेलं "१०० एमबीपीएस" म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिट. फाइलचा आकार मात्र मेगाबाइटमध्ये असतो आणि एका बाइटमध्ये आठ बिट असतात. म्हणजे १०० एमबीपीएसच्या प्लॅनवर जास्तीत जास्त सेकंदाला साडेबारा एमबी उतरतात. केबलवाल्याने फसवलं असं लगेच म्हणू नका, आधी आठने भागा.

शिवाय डाउनलोड म्हणजे तिकडून आपल्याकडे आणणं आणि अपलोड म्हणजे आपल्याकडून तिकडे पाठवणं. मालाचे व्हिडिओ टाकणाऱ्याला अपलोडचा वेग महत्त्वाचा. अपलोड १० एमबीपीएस असेल तर ५०० एमबीचा व्हिडिओ चढायला साधारण सात मिनिटं लागतात. प्लॅन घेताना हा आकडा वेगळा विचारा.

## २. ब्राउझर आणि सर्च इंजिन

ब्राउझर म्हणजे वेबची पानं उघडून दाखवणारं ॲप : क्रोम, फायरफॉक्स, सफारी, एज. सर्च इंजिन म्हणजे पानं शोधून देणारी सेवा : गूगल, बिंग. ब्राउझर ही तुमची रिक्षा आहे. सर्च इंजिन म्हणजे नाक्यावर पत्ता सांगणारा माणूस. तो बहुतेक वेळा बरोबर सांगतो, पण पैसे देणाऱ्याचं दुकान आधी दाखवतो. निकालांमध्ये वर "प्रायोजित" असं लिहिलेलं असतं, ती जाहिरात असते.

म्हणून बँकेचं, वीजबिलाचं, कराचं काम असेल तर सर्च करून पहिल्या लिंकवर जाऊ नका. बँकेचा कस्टमर केअर नंबर तर सर्च करून कधीच घेऊ नका. तो पासबुकवर, कार्डाच्या मागे किंवा बँकेच्या स्वतःच्या साइटवर असतो. खरा पत्ता एकदा तपासून ब्राउझरमध्ये बुकमार्क करून ठेवा.

पण खरा पत्ता ओळखायचा कसा? तो आजचा सगळ्यात कामाचा धडा आहे.

## ३. यूआरएल : पत्ता उजवीकडून वाचा

ब्राउझरच्या वरच्या पट्टीत जो लांबलचक पत्ता दिसतो तो यूआरएल. कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या साइटचा पत्ता बघा :

एचटीटीपीएस : // केडीएमसी . जीओव्ही . इन / ...

सुरुवातीचं एचटीटीपीएस सांगतं की तुमच्यात आणि साइटमध्ये होणारं बोलणं वाटेत कुणाला वाचता येणार नाही. मग दोन तिरप्या रेघा. त्यानंतर पुढची पहिली एकटी तिरपी रेघ येईपर्यंतचा भाग म्हणजे साइटचं नाव. त्या रेघेनंतर जे काही असतं ते साइटच्या आतलं एखादं पान.

आता युक्ती सांगतो. आपल्या पोस्टाच्या पत्त्यात खोली नंबर आधी येतो आणि राज्य शेवटी. साइटच्या नावाचंही तसंच. खरा मालक उजवीकडे असतो. पहिल्या एकट्या तिरप्या रेघेवर बोट ठेवा आणि उलटं, डावीकडे वाचत या. "इन", मग "जीओव्ही", मग "केडीएमसी". "जीओव्ही डॉट इन" हे शेपूट फक्त सरकारी संस्थांना मिळतं. ठाणे महापालिकेचं "ठाणेसिटी डॉट जीओव्ही डॉट इन" हेही तसंच.

आता मेसेजमध्ये आलेला हा काल्पनिक पत्ता बघा :

केडीएमसी . जीओव्ही . इन . बिल-भरा . टॉप / ...

घाईत डावीकडून वाचलं तर महापालिका वाटते. उजवीकडून वाचलं तर कळतं की मालक "बिल-भरा डॉट टॉप" नावाचा कुणीतरी आहे. डावीकडे काय लिहायचं हे त्याच्या मर्जीवर असतं. "आज रात्री साडेनऊला तुमची वीज तोडली जाईल" छापाचे मेसेज तुम्हालाही आले असतील. पुढच्या वेळी पैसे भरायची लिंक आली तर आधी हे बोट ठेवून वाचायचं.

बँकांसाठी आता सोय झाली आहे. रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये सहकारी बँकांसह सगळ्या बँकांना आपली साइट "बँक डॉट इन" या शेपटावर न्यायला सांगितलं आणि त्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत दिली. हे शेपूट बँकेशिवाय दुसऱ्याला मिळत नाही. आपल्या बँकेचा पत्ता बदलला असेल तर जुना बुकमार्क काढून नवा करा.

एक गैरसमज : पत्त्याशेजारचं छोटं कुलूप दिसलं की साइट खरी. नाही. कुलपाचा अर्थ बोलणं गुप्त आहे एवढाच. समोर बोलणारा माणूस प्रामाणिक आहे की भामटा, हे कुलूप सांगत नाही. लोकांचा हा घोळ होतो म्हणूनच क्रोमने २०२३ मध्ये ते कुलपाचं चित्र बदलून टाकलं.

## ४. डोमेन : तुमच्या दुकानाची पाटी

डोमेन म्हणजे तुमच्या साइटचं नाव. समजा "माझंदुकान डॉट इन" (हे फक्त उदाहरण). यात तीन पात्रं असतात :

- रजिस्ट्री : त्या शेपटाचं मुख्य दप्तर सांभाळणारी संस्था. "डॉट इन"चं दप्तर भारतातच, निक्सी या संस्थेकडे आहे. "डॉट कॉम"चं दप्तर अमेरिकेतल्या व्हेरिसाइन कंपनीकडे आहे.
- रजिस्ट्रार : आपल्याला नाव विकणारी कंपनी. गोडॅडी, होस्टिंगर, बिगरॉक वगैरे.
- रजिस्ट्रंट : ज्याच्या नावावर नाव नोंदलं गेलं तो. हे तुम्ही असायला हवं.

देवनागरीतही डोमेन मिळतं. २०१४ मध्ये "डॉट भारत" सुरू झालं, त्यामुळे मराठीत नाव घेता येतं. दुकानाच्या पाटीवर छान दिसतं, पण गिऱ्हाइकाला ते टाइप करता आलं पाहिजे. म्हणून मी सांगेन की इंग्रजी अक्षरांतलं नाव आधी घ्या आणि देवनागरी हवं तर जोडीला घ्या.

आता मुख्य मुद्दा. डोमेन कायमचं विकत मिळत नाही. ते एक ते दहा वर्षांच्या कराराने मिळतं आणि मुदत संपायच्या आत नूतनीकरण करावं लागतं. पण जोवर तुम्ही पैसे भरता तोवर ते दुसऱ्याला मिळत नाही. म्हणजे व्यवहारात ते तुमच्या नावावर असतं. साध्या "डॉट कॉम" किंवा "डॉट इन" नावाला वर्षाला साधारण हजार-दीड हजाराच्या घरात खर्च येतो. इतक्या थोड्या पैशाच्या गोष्टीवर तुमची पाटी, व्हिजिटिंग कार्ड, बिलबुक आणि पिशव्या सगळं छापलेलं असतं.

मुदत संपली तर? "डॉट कॉम"सारख्या नावांसाठी आधी काही दिवसांची सवलत मिळते, तिचे दिवस रजिस्ट्रारवर अवलंबून. मग ३० दिवसांचा असा काळ येतो ज्यात नाव परत मिळतं, पण दंड चांगलाच बसतो. त्यानंतर पाच दिवसांनी नाव सगळ्या जगाला मोकळं. कुणीही घ्यावं.

मोठेही विसरतात. १९९९ च्या नाताळात मायक्रोसॉफ्टच्या "पासपोर्ट डॉट कॉम" या नावाचे पैसे भरायचे राहिले आणि हॉटमेलच्या अनेक लोकांना मेल उघडेना. शेवटी अमेरिकेतल्या एका प्रोग्रॅमरने आपल्या कार्डावरून ३५ डॉलर भरले तेव्हा गाडी रुळावर आली. मायक्रोसॉफ्टला असा भला माणूस भेटला. आपल्याला भेटेलच असं नाही.

आणि नुकसान फक्त साइटचं नाही. "ऑर्डर ॲट माझंदुकान डॉट इन" असा तुमचा ईमेल असेल, तर डोमेन ज्याच्या हातात गेलं त्याच्याकडे त्या पत्त्यावरची मेल जाऊ लागतात. तोच ईमेल तुम्ही बँकेत, जीएसटीला, इन्स्टाग्रामला दिलेला असेल, तर पासवर्ड बदलायची लिंकही त्याच्याकडे जाणार.

नावाचं मोल कोर्टानेही मानलंय. मुंबईच्या "रेडिफ डॉट कॉम"च्या नावात एकच अक्षर बदलून दुसऱ्या कुणी "रॅडिफ डॉट कॉम" घेतलं होतं. १९९९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रेडिफच्या बाजूने निर्णय दिला. डोमेन हा नुसता पत्ता नाही, ट्रेडमार्कसारखं त्याचं रक्षण व्हायला हवं, असा त्याचा आशय. २००४ मध्ये सत्यम इन्फोवे खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही हेच तत्त्व मान्य केलं. पण कोर्टात जाण्याएवढा वेळ आणि पैसा आपल्याकडे नसतो. नाव पहिल्या दिवसापासून आपल्या खात्यात ठेवणं त्यापेक्षा कितीतरी स्वस्त.

## ५. सर्व्हर आणि होस्टिंग : भाड्याचा गाळा

पाटी झाली, आता जागा. साइटची पानं, फोटो, किमतीची यादी कुठल्या तरी कॉम्प्युटरवर ठेवावी लागते. तो चोवीस तास चालू असतो आणि मागेल त्याला पान काढून देतो. तो सर्व्हर. त्यावरची जागा भाड्याने घेणं म्हणजे होस्टिंग.

- शेअर्ड होस्टिंग : एकाच गाळ्यात दहा जणांची टेबलं. स्वस्त असतं. शेजाऱ्याकडे गर्दी झाली की तुमचंही काम मंदावतं. छोट्या दुकानाला पुरेसं आहे.
- व्हीपीएस : त्याच गाळ्यात पार्टिशन घालून तुमचा ठरलेला कोपरा.
- डेडिकेटेड : अख्खा गाळा तुमचा. आपल्यातल्या बहुतेकांना याची गरज नाही.

क्लाउड हा शब्द ऐकून माणूस आकाशाकडे बघतो. ठाण्याहून वाशी किंवा पनवेल लोकल पकडा. ऐरोली, रबाळे आणि महापे या पट्ट्यात मोठमोठी डेटा सेंटर आहेत. क्लाउड म्हणजे अशा इमारतींतले कॉम्प्युटर, लागतील तेवढे, लागतील तितका वेळ भाड्याने घेणं.

होस्टिंग भाड्याचं आहे आणि ते भाड्याचं असायला काहीच हरकत नाही. गाळा आवडला नाही तर बदलता येतो, पाटी आपली असली की झालं. फक्त सामान उचलून न्यायची सोय हवी. ती सोय म्हणजे बॅकअप, साइटची पूर्ण प्रत. महिन्यातून एकदा ती तुमच्या स्वतःच्या पेन ड्राइव्हवर किंवा गूगल ड्राइव्हवर आली पाहिजे. होस्टिंगवाल्याकडे असलेला बॅकअप म्हणजे चोरी झालेल्या घरातच ठेवलेली दुसरी किल्ली.

## ६. आयपी ॲड्रेस आणि डीएनएस

डोंबिवलीत डीएनएस म्हटलं की नागरी सहकारी बँक आठवते. इंटरनेटवरचं डीएनएस वेगळं.

कॉम्प्युटरला नावं कळत नाहीत, आकडे कळतात. प्रत्येक सर्व्हरला एक नंबर असतो, तो आयपी ॲड्रेस. तुमच्या मोबाइलमध्ये जसं "आई" लिहिलं की नंबर लागतो, तसं साइटचं नाव लिहिलं की त्याचा नंबर शोधून देणारी जगभरची टेलिफोन डायरी म्हणजे डीएनएस. आणि तुमच्या नावाचं पान त्या डायरीत कुणी सांभाळायचं, हे ठरतं नेमसर्व्हरवरून.

त्या पानावर दोन नोंदी महत्त्वाच्या. ए रेकॉर्ड सांगतो की साइट कुठल्या सर्व्हरवर आहे. एमएक्स रेकॉर्ड सांगतो की या नावाची ईमेल कुठे पोचवायची. म्हणूनच होस्टिंग बदलताना साइट नीट चालते आणि मेल मात्र बंद पडते, असं होऊ शकतं. नोंद बदलल्यावर ती जगभर पोचायला काही तास, कधी दोन दिवसही लागतात. ठाण्यात नवी साइट दिसते आणि कल्याणमधल्या भावाला जुनीच, असं झालं तर घाबरू नका. आणि हा बदल दिवाळीच्या ऑर्डरींच्या आठवड्यात करू नका!

ज्याच्याकडे डीएनएसचं लॉगिन आहे, तो तुमचं गिऱ्हाईक कुठे पाठवायचं ते ठरवतो. म्हणजे हीसुद्धा किल्लीच.

## ७. उरलेले शब्द, पटापट

- एसएसएल : एचटीटीपीएस सुरू करणारं प्रमाणपत्र. लेट्स एन्क्रिप्टसारख्या संस्था ते फुकट देतात, त्यामुळे त्यासाठी कुणी मोठी रक्कम मागितली तर कारण विचारा. त्याला मुदत असते. संपली की ब्राउझर गिऱ्हाइकाला "ही साइट सुरक्षित नाही" म्हणतो.
- सीएमएस : कोडिंग न येता साइटवर मजकूर आणि फोटो बदलायची सोय. २००३ मध्ये आलेलं वर्डप्रेस सगळ्यात प्रसिद्ध. यात "ॲडमिन" लॉगिन तुमचं असावं. "एडिटर" लॉगिन दिलं तर तुम्ही आपल्याच दुकानात नोकर.
- कुकी : साइटने तुमच्या ब्राउझरमध्ये ठेवलेली चिठ्ठी. लॉगिन लक्षात राहतं ते तिच्यामुळे, आणि एकदा बघितलेल्या मिक्सरची जाहिरात आठवडाभर मागे लागते तीही बहुतेक वेळा तिच्यामुळे.
- कॅशे : ब्राउझरने जपून ठेवलेली पानाची जुनी प्रत. किंमत बदलली तरी जुनीच दिसत असेल तर कॅशे साफ करून बघा.
- एसईओ : सर्चमध्ये साइट वर दिसावी म्हणून केलेली मशागत. "पंधरा दिवसांत पहिल्या नंबरची गॅरंटी" देणाऱ्याला चहा पाजा आणि निरोप द्या. गूगलच सांगतं की अशी गॅरंटी कुणी देऊ शकत नाही.

## ८. दुसऱ्याचा ओटा

"सर, मला साइट कशाला? माझं इन्स्टाग्रामवर छान चाललंय." चालू द्या की! इन्स्टाग्राम, फेसबुक, व्हॉट्सॲप बिझनेस, गूगलवरचं बिझनेस प्रोफाइल, हे सगळं वापराच. गिऱ्हाईक तिथेच आहे. फक्त तो ओटा दुसऱ्याचा आहे, हे विसरू नका.

जून २०२० मध्ये टिकटॉक भारतात बंद झालं आणि तिथे जमवलेले फॉलोअर एका रात्रीत गेले. त्याहून जवळचं उदाहरण : गूगल छोट्या व्यावसायिकांना बिझनेस प्रोफाइलसोबत फुकट साइट देत असे, तिच्या पत्त्याच्या शेवटी "बिझनेस डॉट साइट" असायचं. मार्च २०२४ मध्ये गूगलने त्या साइट बंद केल्या. काही दिवस जुन्या पत्त्यावरून लोकांना प्रोफाइलकडे पाठवलं, मग तेही थांबलं. ज्यांनी तो पत्ता कार्डावर छापला होता, त्यांची कार्डं रद्दीत गेली. ज्यांचं स्वतःचं डोमेन होतं, त्यांनी ते दुसऱ्या साइटला जोडलं आणि पाटी तीच राहिली.

म्हणून कार्डावर, पिशवीवर, बोर्डावर तुमचं डोमेन छापा. ते उघडल्यावर सध्या इन्स्टाग्राम उघडत असेल तरी चालेल. उद्या ओटा बदलला तर छापलेलं बदलावं लागणार नाही.

## ९. मग आता करायचं काय?

सुरुवातीचं ते वाक्य परत वाचा. "डोमेन मी घेतो, डीएनएस मीच पॉइंट करीन, लॉगिन नंतर देतो." आता कळलं ना, यात तुमच्या नावावर काय राहिलं? काहीच नाही.

एक सांगतो, तो मुलगा बहुतेक वेळा लबाड नसतो. पाच गिऱ्हाइकांची डोमेन एकाच खात्यात ठेवणं त्याला सोपं पडतं, एवढंच. पण त्याची नोकरी बदलते, तो आजारी पडतो, तुमच्यात पैशावरून कुरबुर होते, आणि मग सोय म्हणून ठेवलेली किल्ली अडून राहते. म्हणून संबंध चांगले आहेत तेव्हाच मागा. हा मेसेज जसाच्या तसा पाठवा :

> "दादा, साइटची कागदपत्रं एकत्र करतोय. कृपया एवढं पाठव :
> १. डोमेन कुठल्या रजिस्ट्रारकडे आहे, कुणाच्या नावावर आणि कुठल्या ईमेलवर आहे, मुदत कधी संपते?
> २. माझ्या नावाने खातं उघडलंय, डोमेन त्यात हलवायला मदत कर.
> ३. होस्टिंग आणि डीएनएसचं लॉगिन.
> ४. सीएमएसचं ॲडमिन लॉगिन.
> ५. साइटचा आजचा पूर्ण बॅकअप.
> देखभालीचं काम तुझ्याकडेच राहील."

शेवटची ओळ गाळू नका. निम्म्या अडचणी तिथेच सुटतात.

डोमेन दुसऱ्या रजिस्ट्रारकडे न्यायचं असेल तर ऑथ कोड नावाचा पासवर्ड लागतो, तो सध्याच्या रजिस्ट्रारच्या खात्यातून मिळतो. त्याच रजिस्ट्रारकडे नुसतं खातं बदलायचं असेल तर काम आणखी सोपं. डोमेन कुणाचं हे बाहेरून तपासायचं म्हणून बरेच जण "हूइज" शोध घेतात, पण गोपनीयतेमुळे तिथे मालकाचं नाव सहसा झाकलेलं असतं. मुदतीची तारीख आणि रजिस्ट्रारचं नाव मात्र दिसतं. खरी कसोटी एकच : नूतनीकरणाची आठवण कुणाच्या ईमेलवर येते? तुमच्या येत असेल तर पाटी तुमची.

आणि नवीन साइट करून घेत असाल तर खातं स्वतः उघडा, आपला ईमेल आणि मोबाइल द्या, पैसे आपल्या कार्डाने भरा, मग त्या मुलाला कामापुरता प्रवेश द्या. रजिस्ट्रारला दिलेला ईमेल त्याच डोमेनवरचा नको. डोमेन बंद पडलं तर आठवणीची मेलही पोचणार नाही. साधा जीमेल चालेल, फक्त त्याला दोन टप्प्यांची पडताळणी लावा.

आजचा गृहपाठ : आपल्या डोमेनची मुदत कधी संपते ती तारीख शोधा आणि स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर, त्या तारखेच्या एक महिना आधीच्या चौकटीत लाल पेनाने लिहा. "डोमेनचे पैसे भरणे." गॅसचा नंबर लावल्याची तारीख लिहितो ना, तसंच. पुढच्या वर्षीचं कॅलेंडर घरी आलं की पहिल्याच दिवशी ही नोंद त्यावर उतरवा.

पुढच्या व्हिडिओत आपण स्वतःच्या नावाचा ईमेल कसा सुरू करायचा ते टप्प्याटप्प्याने बघू. तोपर्यंत तो मेसेज पाठवून ठेवा.